ऑनलाइन अभ्यासक्रमातून प्राथमिक समाजशास्त्र : चाचणीत गुण मिळतात, पण विश्लेषण लिहिता येत नाही

उंबरठा यांचा प्रश्न

काही आठवड्यांपासून मी समाजशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम ऑनलाइन पद्धतीने करीत आहे. माझे आधीचे शिक्षण विज्ञान शाखेत झाले असून या विषयाशी पूर्वी कधी संबंध आला नव्हता. अभ्यासक्रमाची रचना बहुतेक ठिकाणी असते तशीच आहे. आधी छोटी व्हिडिओ व्याख्याने, मग प्रत्येक घटकाबरोबर वाचायची काही पाने, शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी आणि चर्चाफलकावर दर आठवड्याला एक नोंद. संस्कृती, सामाजिकीकरण, गट आणि संघटना, विचलन व सामाजिक स्तरीकरण एवढे घटक आतापर्यंत पूर्ण झाले आहेत आणि चाचण्यांत गुणही चांगले मिळाले आहेत.

अडचण लेखी स्वाध्यायाच्या वेळी लक्षात आली. कोणतीही एक परिचित सामाजिक संस्था निवडून तिचे तीन सैद्धांतिक दृष्टिकोनांतून विश्लेषण करावे, असा प्रश्न होता. मी शाळा ही संस्था निवडली, कार्यवाद (समाज टिकवण्यात संस्थेचे कार्य काय ते पाहणारा), संघर्ष सिद्धांत (सत्ता आणि विषमता पाहणारा) आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद (माणसे परस्परांशी वागताना अर्थ कसे घडवतात ते पाहणारा) यांच्या व्याख्या लिहिल्या आणि प्रत्येक व्याख्येखाली शाळेविषयी चार-पाच वाक्ये जोडली. नंतर ते लेखन पुन्हा वाचले, तेव्हा व्याख्या वगळल्यास त्यात असे एकही वाक्य सापडले नाही, की जे हा विषय अजिबात न शिकलेल्या माणसाला लिहिता आले नसते.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, ही उणीव ऑनलाइन पद्धतीची आहे की विषय शिकण्याच्या माझ्या रीतीची? समोर शिक्षक आणि वर्ग नसताना या विषयात खरी गती यावी यासाठी नेमके काय करावे? मूळ ग्रंथ या टप्प्यावरच वाचायला घ्यावेत की पाठ्यपुस्तकातील सारांश पुरेसा समजावा, याविषयीही मत मिळाल्यास उपयोग होईल. प्रमाणपत्र हा माझा मुख्य हेतू नाही.

पडताळा यांचे उत्तर

आपण सांगितलेली अडचण मुळात या विषयाच्या स्वभावातून येते. ऑनलाइन माध्यम ती अधिक तीव्र करते एवढेच. भौतिकशास्त्राचे एखादे प्रकरण समजले नाही, तर ते समजले नाही हे लगेच कळते, कारण चिन्हे अनोळखी असतात आणि उदाहरण सोडवताना गाडी अडते. समाजशास्त्राच्या प्रकरणात मात्र कुटुंब, शाळा, नोकरी, धर्म, मैत्री हे सारेच शब्द ओळखीचे असल्यामुळे वाचक कुठेही न अडता शेवटपर्यंत पोचतो, आणि 'हे तर ठाऊकच होते' अशी जी भावना मनात उरते तिलाच तो आकलन समजतो. वर्गात एखादा शिक्षक 'कशावरून?' असे विचारून ही भावना मोडून काढतो. व्हिडिओ तसे विचारत नाही.

या भ्रमावरचे सर्वांत परिणामकारक उदाहरण समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४९ साली देऊन ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांच्या मनोवृत्तीचा एक प्रचंड अभ्यास झाला होता, ज्यात पाच लाखांहून अधिक सैनिकांकडून माहिती घेतली गेली. त्या अभ्यासाचे परीक्षण लिहिताना लाझार्सफेल्ड यांनी काही निष्कर्ष मांडले. अधिक शिकलेल्या सैनिकांत मानसिक तणावाची लक्षणे कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त आढळली. ग्रामीण भागातून आलेले सैनिक शहरी सैनिकांपेक्षा लष्करी जीवनात अधिक उत्साही होते. लढाई चालू असताना सैनिकांना घरी परतण्याची जेवढी ओढ होती, तेवढी जर्मनीच्या शरणागतीनंतर राहिली नाही. असे एकेक निष्कर्ष देऊन त्यांनी काहींसोबत वाचकाला सहज पटेल असे कारणही जोडले, आणि इतक्या उघड गोष्टी शोधण्यासाठी एवढा खर्च कशाला, असे वाचकाच्या मनात येण्याच्या बेतात असतानाच सांगून टाकले की, प्रत्यक्षात आढळलेले निष्कर्ष यांतील प्रत्येकाच्या नेमके उलट आहेत. म्हणजे खरे निष्कर्ष आधी सांगितले असते, तर तेही आपल्याला तितकेच उघड वाटले असते.

ऑनलाइन शिकणाऱ्याला ही युक्ती स्वतःवर वापरता येते आणि व्हिडिओ थांबवता येणे हा तिथे फायदाच ठरतो. व्याख्यानात एखाद्या संशोधनाचा प्रश्न मांडला गेला की निष्कर्ष ऐकण्यापूर्वी थांबावे, आपला अंदाज लिहावा, त्यामागचे कारण लिहावे, आणि त्यानंतर निष्कर्ष अगदी विरुद्ध निघाला तर त्याचे कारण काय सांगता येईल तेही लिहून ठेवावे. दोन्ही कारणे सारख्याच सहजतेने सुचली, तर केवळ समर्पक वाटणारे कारण हा पुरावा कसा होत नाही, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता चाचण्यांविषयी. बहुपर्यायी प्रश्नात योग्य उत्तर समोर लिहिलेलेच असते, ते फक्त ओळखायचे असते. आपल्याला स्वाध्यायात मात्र ते शून्यातून उभे करायचे होते. या दोन वेगळ्या क्षमता आहेत. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुन्हा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. घटक संपताच लगेच येणारी ऑनलाइन चाचणी या प्रयोगातल्या पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेसारखीच असते. म्हणून व्याख्यान संपल्यावर पडदा बंद करून त्यातला युक्तिवाद, केवळ संज्ञा नव्हे, आपल्या शब्दांत लिहावा आणि तेच काम आठवड्याने पुन्हा करावे.

युक्तिवाद म्हणजे काय, हे पाहण्यासाठी एकच अभ्यास शेवटपर्यंत धरून ठेवणे मला सर्वांत उपयुक्त वाटते, आणि त्यासाठी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांच्या १८९७ च्या आत्महत्येवरील ग्रंथाइतके चांगले साधन दुसरे नाही. पाठ्यपुस्तकात त्यातले आत्महत्येचे चार प्रकार एका तक्त्यात दिलेले असतात, आपण ते पाठ करतो आणि चाचणीत गुणही मिळतात. परंतु त्या ग्रंथाचा कणा तक्त्यात येत नाही. दुर्खीम यांचे आरंभीचे कोडे असे आहे की, एखाद्या देशात दर वर्षी आत्महत्या करणाऱ्या व्यक्ती वेगळ्या असतात, प्रत्येकीची कारणे खाजगी असतात, तरीही एकूण दर वर्षानुवर्षे बऱ्याच अंशी स्थिर राहतो आणि निरनिराळ्या समूहांत तो निरनिराळा असतो. व्यक्तीच्या मनातून हे स्थैर्य समजावता येत नाही. मग ते वंश, हवामान, मनोविकार, अनुकरण अशी त्या काळी प्रचलित असलेली कारणे एकेक करून तपासतात आणि बाजूला सारतात. पुढे ते पाहतात की प्रोटेस्टंट समाजात हा दर कॅथलिक समाजापेक्षा जास्त आहे, मात्र दोन्ही पंथ या कृत्याचा सारखाच निषेध करतात. त्यामुळे फरक शिकवणीत नसून व्यक्तीला समूहाशी बांधून ठेवणाऱ्या सामूहिक जीवनाच्या घट्टपणात असला पाहिजे, असा तर्क ते करतात. तर्क खरा असेल तर कुटुंबात आणि राष्ट्रीय संकटाच्या काळातही तेच दिसायला हवे. म्हणून विवाहित आणि अविवाहित, मुले असलेले आणि नसलेले, युद्धकाळ आणि शांतताकाळ अशा तुलना येतात. आर्थिक मंदीबरोबर अचानक आलेल्या भरभराटीतही दर वाढतो, हे निरीक्षण मात्र या एका तत्त्वात बसत नाही, म्हणून आकांक्षांवरचे सामाजिक नियमन सुटणे हे दुसरे तत्त्व त्यांना आणावे लागते.

ही साखळी ज्याने एकदा स्वतः मांडून पाहिली, त्याला सामाजिक तथ्य, म्हणजे व्यक्तीच्या बाहेर असून तिच्यावर दबाव आणणारी सामूहिक गोष्ट, काय असते ते व्याख्येवाचून कळते. शिवाय तिच्यावरची टीकाही समजण्याजोगी होते. जॅक डग्लस यांनी १९६७ साली असा आक्षेप घेतला की, एखादा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवला जाणे हाच मुळी नातेवाईक, डॉक्टर आणि अधिकारी यांच्या अर्थनिर्णयाचा परिणाम असतो. ज्या समूहात बंध घट्ट, तिथे अशी नोंद टाळली जाण्याचा संभवही अधिक. म्हणजे दुर्खीम ज्या आकड्यांवर उभे आहेत, ते आकडे कसे घडतात हाच समाजशास्त्राचा प्रश्न होतो. आपल्या शाळेवरील स्वाध्यायात जे हरवले होते ते हेच असावे, असे मला वाटते. त्यात व्याख्या होत्या आणि उदाहरणे होती, पण उलगडायचे कोडे नव्हते.

तळटीप यांचे उत्तर

पडताळा यांच्याशी मी सहमत आहे, परंतु दोषाचा काही वाटा प्रश्नपत्रिकेलाही द्यायला हवा. 'तीन दृष्टिकोनांतून विश्लेषण करा' हा साचा पाठ्यपुस्तकांच्या सोयीसाठी तयार झालेला आहे, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमात तो अधिकच कडक होतो, कारण तीन कप्प्यांवर आधारलेले प्रश्न यंत्राला तपासायला सोपे जातात. विचारवंतांनी स्वतः मात्र या कप्प्यांत बसून लेखन केलेले नाही. प्रतीकात्मक आंतरक्रियावाद ही संज्ञा हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ साली वापरात आणली, तेव्हा ज्यांना त्या परंपरेचे मूळ पुरुष मानले जाते ते जॉर्ज हर्बर्ट मीड हयात नव्हते. त्याच वर्षी टॅलकॉट पार्सन्स यांनी सामाजिक कृतीच्या रचनेवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात दुर्खीम आणि वेबर यांना प्रमुख स्थान आहे, पण मार्क्स यांना नाही. मार्क्स, दुर्खीम आणि वेबर हे त्रिकूट शास्त्राचे संस्थापक म्हणून स्थिर झाले ते त्यानंतरच्या दशकांत. तसेच ड्युबॉइस यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास १८९९ सालचा, म्हणजे दुर्खीम यांच्या उपरोक्त ग्रंथानंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेला आहे, आणि तरीही कित्येक प्रास्ताविक पुस्तकांत तो दीर्घकाळ चौकटीतल्या टिपेपुरताच राहिला. कोणाला संस्थापक म्हणायचे, हे ठरवणे हीदेखील एक सामाजिक प्रक्रिया आहे, आणि पहिल्या प्रकरणाकडे त्या नजरेने पाहायला हरकत नसावी.

तरीही साचा वापरणे भाग असेल, तर दृष्टिकोनाला मत न समजता प्रश्न समजावे. कार्यवादी काय म्हणतात हे लिहिण्याऐवजी, हा दृष्टिकोन मला कोणती माहिती गोळा करायला लावतो, असे स्वतःला विचारावे. आपल्यासमोर असलेलीच संस्था घेऊ, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी प्रकट (उघड, हेतुपूर्वक) आणि सुप्त (हेतू नसलेल्या, लक्षात न येणाऱ्या) कार्यांत जो भेद केला, तो इथे लावल्यास ज्ञान पोचवणे हे प्रकट कार्य होईल. पण कोण नियमितपणे अभ्यास पूर्ण करतो याची निवड करून नोकरी देणाऱ्यांना संकेत देणे, हे सुप्त कार्य असू शकते. तसे असेल, तर विनाशुल्क शिकणारे आणि प्रमाणपत्रासाठी पैसे भरणारे यांच्या वर्तनात फरक दिसायला हवा. तो दिसतो. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्स या ऑनलाइन शिक्षण मंचावरील अभ्यासक्रमांचे जे विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झाले, त्यात २०१७-१८ या वर्षी सर्व नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला होता, तर पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग निवडलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होते. अर्थात पैसे भरल्यामुळे चिकाटी येते की चिकाटी असलेलेच पैसे भरतात, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

संघर्षाच्या दृष्टीने प्रश्न असा बनतो की, सर्वांसाठी खुल्या असलेल्या या दारातून प्रत्यक्षात आत कोण येते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अशा अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी पाचांत चारांहून अधिक जण आधीच महाविद्यालयीन पदवी किंवा पदविका मिळवलेले होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल (घरातून आणि शिक्षणातून मिळालेल्या, पुढे उपयोगी पडणाऱ्या सवयी व जाण) म्हटले ते इथे वापरून पाहावे. एकट्याने वेळापत्रक पाळणे, लांब मजकूर न कंटाळता वाचणे, अनोळखी शिक्षकाला न संकोचता प्रश्न विचारणे या सवयी आधीच्या शिक्षणातून आणि घरातून येतात, आणि अभ्यासक्रम त्या शिकवत नाही, गृहीत धरतो. आंतरक्रियेच्या दृष्टीने पाहायचे तर समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांची मांडणी घ्यावी, जी इतरांसमोरच्या वागण्याला रंगमंचावरील दर्शनी बाजू आणि एकांतातल्या वागण्याला पडद्यामागची बाजू म्हणते. थेट वर्गात कॅमेरा लावला की पाठीमागची खोली, जी एरवी पडद्यामागची असते, तीच दर्शनी बाजू होते. मग कोण पार्श्वभूमी बदलतो, कोण कॅमेरा बंद ठेवतो, आणि शिक्षक बंद कॅमेऱ्याचा अर्थ काय लावतात, ही सगळी निरीक्षणाची सामग्री ठरते.

एकाच संस्थेविषयी इथे तीन निरनिराळे शोध सुरू झाले आणि प्रत्येकासाठी लागणारा पुरावाही वेगळा आहे. आपला स्वाध्याय याच रीतीने पुन्हा लिहून पाहावा, असे सुचवतो. आणि तिन्ही दृष्टिकोन एकमेकांना पूरक आहेत, असे गुळगुळीत वाक्य शेवटी लिहू नये. पुष्कळदा ते पूरक नसतात.

उंबरठा

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. 'दृष्टिकोन म्हणजे प्रश्न' ही मांडणी माझ्यासाठी नवी आहे आणि स्वाध्याय त्याप्रमाणे पुन्हा लिहायला घेतला आहे. आणखी दोन शंका आहेत. चर्चाफलकावरील नोंदी मला निष्फळ वाटतात. प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो, इतर जण 'छान मुद्दा' असे लिहितात आणि आठवडा संपतो. गुणांपुरते लिहून तो भाग सोडून द्यावा का? दुसरे असे की, पुढचा घटक संशोधन पद्धतींचा आहे, तो बराच तांत्रिक दिसतो आणि अभ्यासक्रमात ऐच्छिक ठेवलेला आहे. सिद्धांतावर लक्ष केंद्रित करण्यासाठी तो वगळला तर चालेल का?

कोरी वही यांचे उत्तर

चर्चाफलक सोडू नये, असे मी सांगेन. २०१२ च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टन विद्यापीठाचे मिचेल डुनायर यांनी कोर्सेरा या ऑनलाइन मंचावर प्रास्ताविक समाजशास्त्राचा अभ्यासक्रम घेतला, तेव्हा शंभराहून अधिक देशांतून सुमारे ४०,००० जणांनी नोंदणी केली होती. अंतिम परीक्षेपर्यंत त्यांतले फारच थोडे पोचले. पण आपल्या समाजशास्त्रीय विचारांवर एवढा प्रतिसाद संपूर्ण अध्यापनकाळात मिळाला नव्हता तेवढा पहिल्या काही आठवड्यांत मिळाला, असे डुनायर यांनी नंतर लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी तो अभ्यासक्रम पुन्हा देण्यास नकार दिला, कारण अशा व्याख्यानांचा आधार घेऊन सरकारे सार्वजनिक विद्यापीठांचा निधी कमी करतील, अशी त्यांना भीती वाटत होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अनुभवातल्या आहेत, म्हणून त्या एकत्र सांगितल्या.

या विषयात जगाच्या निरनिराळ्या भागांतील सहाध्यायी हीच मोठी सामग्री असते. पाठ्यपुस्तकातील विधान एका समाजावरून केलेले असते, आणि ते कुठे लागू पडत नाही हे सांगणारी माणसे त्याच फलकावर उपस्थित असतात. चर्चा पोकळ होते ती बहुधा प्रश्न 'तुम्हाला काय वाटते' असा असल्यामुळे. आपण नोंद लिहिताना वाचनातले एक नेमके विधान उचलावे, ते कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल ते लिहावे आणि इतरांकडे तशा परिस्थितीची माहिती मागावी. दहांपैकी दोघांनी जरी गांभीर्याने उत्तर दिले, तरी पुरेसे आहे. मात्र एखाद्याचा अनुभव हा त्याच्या संपूर्ण समाजाचा पुरावा मानण्याची घाई करू नये, आणि फलकावरील कोणाची खाजगी हकिकत त्याला न विचारता आपल्या स्वाध्यायात वापरू नये.

निरीक्षणाचा एखादा छोटा अभ्यासही एकट्याने करता येतो. कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी रांग कशी लागते, ती मोडणाऱ्याला शब्दांनी रोखतात की नजरेने, हे टिपून ठेवावे. नावे, चेहरे, छायाचित्रे घेऊ नयेत. काही अभ्यासक्रमांत समाजशास्त्रज्ञ गार्फिंकल यांच्या धर्तीवर वागण्याचे रूढ संकेत मुद्दाम मोडण्याचे प्रयोग सुचवलेले असतात; अनोळखी माणसांवर ते करण्यापेक्षा नुसते पाहणे बरे.

नमुना निवड यांचे उत्तर

पद्धतींचा घटक मुळीच वगळू नका. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला तो तसाही जड जाऊ नये, आणि वर पडताळा यांनी दुर्खीम यांचा जो युक्तिवाद इतक्या आस्थेने मांडला, त्यातील सर्वांत मोठा धोका त्या घटकाशिवाय दिसत नाही. दुर्खीम प्रदेशांच्या दरांची तुलना करतात आणि निष्कर्ष मात्र त्या प्रदेशांत राहणाऱ्या व्यक्तींच्या स्थितीविषयी काढतात. ही उडी सुरक्षित नसते, हे विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तिथे निरक्षरतेचे प्रमाण कमी होते. एवढ्यावरून स्थलांतरित लोक अधिक साक्षर असावेत असे वाटेल. व्यक्तिनिहाय आकडे पाहिले, तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता उलट किंचित जास्तच होती. कारण साधे होते. स्थलांतरित जिथे वस्तीला गेले, त्या राज्यांतली स्थानिक लोकसंख्याच अधिक साक्षर होती.

आता हीच कसोटी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रदेशांच्या तुलनेला लावून पाहा. प्रोटेस्टंटबहुल प्रदेशात दर जास्त आहे, एवढ्यावरून तिथे आत्महत्या करणारे प्रोटेस्टंटच होते असे सिद्ध होत नाही. ते तिथले अल्पसंख्याक कॅथलिकही असू शकतात. दुर्खीम यांच्या सगळ्याच तुलना अशा नाहीत, काही ठिकाणी त्यांच्याकडे व्यक्तींच्या धर्माप्रमाणे मांडलेले आकडेही होते. त्यामुळे कोणती तुलना कोणत्या प्रकारची आहे हे शोधणे हाच एक चांगला स्वाध्याय होईल. तळटीप यांनी दिलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या पाहणीलाही प्रश्न विचारता येतो: पाहणीला उत्तर कोणी दिले? आधीच शिकलेल्या लोकांनी प्रश्नावली भरण्याचा संभव अधिक असेल, तर पदवीधरांचे प्रमाण फुगलेले असू शकते. निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतोच असे नाही, पण त्यावर किती भार टाकायचा हे बदलते.

सिद्धांत आणि पद्धती हे दोन वेगळे घटक केलेले असतात ते वेळापत्रकाच्या सोयीसाठी. प्रश्नावली, मुलाखत, सहभागी निरीक्षण, नोंदींचा अभ्यास यांपैकी कोणतेही साधन निवडताना आपण समाज कशाचा बनलेला आहे याविषयी काहीतरी मान्य करून चाललेले असतो. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक आपल्याला ठाऊक असेलच. नमुना कसा निवडला आणि मोजमाप कशाचे केले, एवढ्या दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या.

तळटीप

नमुना निवड यांचा आक्षेप रास्त आहे. ती पाहणी स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांचीच होती, त्यामुळे 'उत्तर देणाऱ्यांपैकी' हे शब्द वाचताना नजरेआड करू नयेत.

पडताळा

मूळ ग्रंथांविषयीचा प्रश्न मागे राहिला होता. संपूर्ण ग्रंथ या टप्प्यावर वाचण्याची गरज नाही, परंतु निवडक प्रकरणे जरूर वाचावीत, कारण सारांशात निष्कर्ष उरतो आणि शंका गळून पडतात. आरंभ सी. राइट मिल्स यांच्या समाजशास्त्रीय कल्पनाशक्तीवरील १९५९ च्या पुस्तकातील पहिल्या प्रकरणापासून करावा. वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला भेद त्यांनी बेकारीच्या उदाहरणाने मांडला आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव आणि कौशल्ये पाहावीत. पण पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर उत्तर एकेका व्यक्तीत सापडणार नाही. प्रकरण छोटे आहे आणि पूर्वतयारीवाचून समजते.

त्यानंतर दुर्खीम यांच्या १८९५ च्या पद्धतिविषयक नियमांच्या पुस्तकातले सामाजिक तथ्यावरचे पहिले प्रकरण घ्यावे. वेबर यांचा प्रोटेस्टंट नीतीवरील निबंध १९०४-०५ सालचा आहे. तो दुर्खीम यांच्यानंतर लगेच वाचल्यास, प्रोटेस्टंट पंथ या एकाच विषयाकडे दोघे किती वेगळ्या वाटांनी जातात हे दिसते. एक जण दर मोजतो, दुसरा श्रद्धावंताच्या दृष्टीने त्याच्या कृतीचा अर्थ लावतो. वेबर यांची वाक्ये लांब आणि अटींनी भरलेली असतात, त्यामुळे तिथे वेग मंदावेल. मार्क्स यांच्यासाठी १८५९ च्या राजकीय अर्थशास्त्राच्या चिकित्सेची प्रस्तावना पुरे; ती काही पानांचीच आहे. यांतले काही साहित्य जुने असल्यामुळे त्याची जुनी इंग्रजी भाषांतरे इंटरनेटवर कायदेशीररीत्या विनामूल्य वाचायला मिळतात.

प्रत्येक प्रकरणाचा सारांश आधी पाठ्यपुस्तकातून न वाचता मूळ प्रकरण वाचल्यानंतर पाहावा, आणि सारांशकाराने काय गाळले त्याची नोंद करावी. संगणकीय साधनांकडून सारांश करून घेण्याची सोय आता सर्वांनाच आहे, पण ही साधने काही वेळा अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि अवतरणे खऱ्यासारखी मांडतात. त्यामुळे निदान या चार वाचनांपुरती तरी ती बाजूला ठेवावीत. शाळेवरचा नवा स्वाध्याय झाला की इथे मांडावा, त्यावर बोलता येईल.